आतड्याचे छिद्र आणि मिरजेची गाडी

पोट न फाडता, गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीतून धातूची इवलीशी क्लिप सोडून आतड्याचे छिद्र मिटवता येते, हे ऐकले की शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे हत्यारांचा इतिहास असे वाटू लागते. मला ते पटत नाही. छिद्राच्या कडा चिमटून धरण्याची कल्पना फार जुनी. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत आतड्याच्या छिद्राला मुंगळे डसवून त्यांची डोकी तिथेच ठेवावीत आणि धडे तोडावीत, असे सांगितले आहे. (यावरून आजची क्लिप आपल्याकडूनच गेली असे छातीठोक सांगणारे भेटतात, मधल्या शतकांतला दुवा मात्र कोणी दाखवत नाही.) मुंगळे लावायलाही पोट उघडावेच लागे. शिवाय माणूस दगावतो तो बहुधा छिद्राने नव्हे, त्यातून पोटाच्या पोकळीत सांडलेल्या मळाने. म्हणजे खरा प्रश्न दोनच गोष्टींचा: किती सांडले आणि किती वेळ गेला.

युरोपातही हेच दिसते. योहान मिकुलिच यांनी १८८० साली जठराचे छिद्र शिवले, पण रुग्ण गेला. लुडविग हॉइसनर यांचा रुग्ण वाचला तो १८९२ साली. याच सुमारास, १८९१ साली, कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि १८९४ साली विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत रुग्णालय उघडले. नाव झाले ते वॉनलेस यांच्या हाताचे. पण पोटाचा रुग्ण त्या हातापर्यंत पोचवला तो गाडीने, आणि याचे श्रेय तिला क्वचितच मिळते. आता, रेल्वेने तासांचा प्रश्न सोडवला असेही नाही. घाटाकडच्या गावातून बैलगाडीने स्टेशन गाठण्यातच मोलाचा वेळ सरत असणार.

क्लिपने जठराचे छिद्र मिटवल्याची नोंद १९९३ सालची, मोठ्या आतड्याची १९९७ सालची. हे यश कशाचे? तपासणीआधी जुलाबाचे औषध देऊन आतडे धुऊन काढलेले असते, आणि दुर्बिणीनेच इजा झाली तर ती बहुधा तिथल्या तिथे दिसते. सांडायला फारसे काही नसते, वेळही गेलेला नसतो. मग दुर्बिणीने फाडावे आणि दुर्बिणीनेच शिवावे, यात कौतुक कसले, असे कोणी विचारील. आक्षेप बराचसा खरा आहे. पण ज्या गाठी पुढे कर्करोग होऊ शकतात त्या काढताना हा धोका पत्करावा लागतो, आणि तो निस्तरण्यासाठी पोट फाडावे न लागणे ही लहान गोष्ट नव्हे. उलट विषमज्वरात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला छिद्र पडते तेव्हा क्लिपचा उपयोग जवळजवळ नाही. आतडे सुजलेले, मळ पसरलेला. तिथे आजही पोट उघडून धुवावे लागते. चंदगड कोल्हापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर. तिकडून असा रुग्ण आला की दुखणे कधी सुरू झाले, हे सर्जन आधी विचारतात ते याचसाठी.