अकबराचा गुंग महाल आणि मानाग्वाची मुलं

आजच्या भागात दोन जागा आहेत, आणि दोघींच्या मधे चारशे वर्षं. प्रश्न मात्र एकच: कुणी शिकवलंच नाही, तर माणसाला भाषा येते का?

पहिली जागा अकबराच्या राज्यातली. बादशहाचं म्हणणं असं की माणूस ऐकून बोलायला शिकतो. कानावर शब्दच पडले नाहीत तर तो मुका राहील. आता एवढं म्हणून गप्प बसेल तो अकबर कसला! त्याने वस्तीपासून लांब एक घर बांधून घेतलं आणि तिथे तान्ही मुलं आणून ठेवली. सांभाळणाऱ्या दायांना सक्त ताकीद, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. लोक त्या घराला ‘गुंग महाल’ म्हणायला लागले. गुंग म्हणजे मुका. १५८२ मध्ये अकबर स्वतः बघायला गेला. अबुल फजल लिहितो की मुक्यांसारखे आवाज सोडले तर मुलांच्या तोंडून काहीच आलं नाही. म्हणजे बादशहा बरोबर!

बदायुनीनेही हे लिहून ठेवलंय. तो दरबारातलाच, पण अकबरावर नाराज, त्यामुळे त्याला जरा जपून वाचायचं. त्याच्या मते मुलं वीसेक होती, आयांना पैसे देऊन आणलेली, आणि त्यातली काही तिथेच मेली. हे वाचल्यापासून मला तरी बादशहाच्या जिज्ञासेचं कौतुक करवत नाही.

रोज टेस्ट केसेस लिहिणारा माणूस म्हणून मला अजून एक गोष्ट खटकते. तपासलं काय, तर फक्त आवाज. पण भाषा तोंडातूनच यायला हवी, असं कुणी ठरवलं?

म्हणून आता दुसरी जागा: मध्य अमेरिकेतला निकाराग्वा. १९७० च्या आसपास तिथली कर्णबधिर मुलं बहुतेक घरातच वाढायची. भूक लागली, पाणी हवंय, एवढं सांगण्यापुरत्या प्रत्येक घराच्या वेगळ्या खुणा. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात एक विशेष शाळा निघाली. १९७९ च्या क्रांतीनंतर आणखी मुलं आली. १९८३ पर्यंत दोन शाळा मिळून चारशेच्या वर. शिक्षकांचा सगळा जोर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर. ते काही फारसं जमलं नाही.

पण मधली सुट्टी होती. शाळेची बस होती. तिथे प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि मुलांचे हात भराभर चालायला लागले. काय चाललंय ते शिक्षकांनाच कळेना! १९८६ मध्ये जूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं गेलं, तेव्हा लक्षात आलं की इथे एक नवी भाषा घडतेय.

भारी गोष्ट पुढे आहे. ॲन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक निरीक्षण छापलं. कार्टूनमधलं मांजर गडगडत उतारावरून खाली जातं, हे कसं सांगायचं? पहिल्या पिढीतले लोक हात गोल फिरवत एकदमच खाली आणायचे, आपण बोलताना हातवारे करतो तसं. नंतर आलेली लहान मुलं मात्र तोडून सांगायची: आधी ‘गडगडणे’, मग ‘खाली जाणे’. दोन वेगळे शब्द. एकदा तुकडे सुटे झाले की ते दुसऱ्या वाक्यातही वापरता येतात. हे त्या मुलांना ना शिक्षकांनी शिकवलं, ना मोठ्यांनी.

आणि भाषेचा उपयोग काय, याचं उत्तरही तिथेच सापडतं. जेनी पायर्स यांनी एक चाचणी घेतली. चित्रांतली गोष्ट साधी: एक मुलगा खेळणं ठेवून बाहेर जातो, दुसरा ते हळूच हलवतो. परत आल्यावर पहिला कुठे शोधेल? आपल्याकडची पाच वर्षांची पोरंही सहसा बरोबर सांगतात. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच मोठ्या माणसांना मात्र हे अवघड गेलं. ती काही कमी हुशार नव्हती. ‘त्याला वाटतं’, ‘त्याला माहीत आहे’ अशा अर्थाचे शब्द त्यांच्या खुणांमध्ये जवळपास नव्हते. दोनेक वर्षांनी तीच माणसं पुन्हा चाचणीला बसली, तेव्हा त्यांना ते जमायला लागलं होतं. मधल्या काळात कर्णबधिरांच्या क्लबमध्ये, वयाने लहान असलेल्यांशी गप्पा मारता मारता, ते शब्द त्यांच्या हातात आले होते.