दार कुणी फोडलं, आत कोण गेलं

मागच्या रविवारी अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, "काका, आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. मग तिकडं गेलेल्या भारतीयांनी त्यांच्याकडून काय घेतलं?" मी तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

अमेरिकेनं १९२४ साली एक कायदा केला. हिशेब असा, की १८९० च्या शिरगणतीत ज्या देशात जन्मलेले जितके लोक सापडले, त्यांच्या शेकडा २ एवढेच लोक दरसाल त्या देशातून घ्यायचे. १९२० ची ताजी शिरगणती हाताशी असताना १८९० ची का काढली? कारण त्यानंतर इटलीचे, पोलंडचे, रशियातले ज्यू भराभर आले होते, आणि ते नको होते. एक जुनं पान उघडून देशाचा रंग ठरवला. आशियाला तर दारच बंद. हिंदुस्थानचा मजूर त्याआधीच, १९१७ च्या कायद्यानं अडवलेला. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून १९१६ साली बाहेर पडले, त्यानंतर काही महिन्यांचीच ही गोष्ट.

आत असलेल्यांचं काय? भगतसिंग थिंद हा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याला नागरिकत्व हवं होतं. कायद्यानं ते गोऱ्याला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळायचं. गोऱ्यांपुरताच हा हक्क का, असा सवाल त्याच्या वकिलांना करता आला असता. त्यांनी काय मांडलं? हा उच्च जातीचा, आर्य रक्ताचा. आणि गोऱ्याला जसं काळ्याशी लग्न नको, तसंच उच्च जातीच्या हिंदूला तिथल्या मूळनिवाशाशी नको! शीख माणूस, आणि कोर्टात दाखवायला निघाला जातीचा दाखला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तरीही तू गोरा नाहीस. हा निकाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हसलो.

भारतीयांना नागरिकत्व मिळालं १९४६ साली, आणि कोटा किती, तर सालाला १०० माणसं. त्याच साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली.

दार फुटलं ते पुढं. १९६४ चा नागरी हक्काचा कायदा, मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर खाल्लेल्या लाठ्या, ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा. घरात वंशावरून भेद करायचा नाही, तर दारात तरी कसा करणार? ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सननं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली सही केली. वंशाचा कोटा गेला. पूर्व गोलार्धाला सालाला १ लाख ७० हजार जागा, एका देशाला जास्तीत जास्त २० हजार.

गंमत पुढं आहे. फीगन नावाच्या खासदारानं नातेवाइकांना पहिला मान द्यायला लावला. हिशेब हा, की आत बहुतेक गोरेच आहेत, तेव्हा येणारे नातेवाईकही गोरेच असणार. पण युरोपात तोवर सुबत्ता आली होती, तिकडून कोण येतो? आला आशियाचा डॉक्टर, इंजिनियर. मग त्याची बायको, भाऊ, भावाची बायको. मेक्सिकोच्या शेतमजुराला मात्र याच कायद्यानं उलटी कात्री लावली. १९६० साली भारतात जन्मलेले तिथं सुमारे १२ हजार होते, २०१९ साली २७ लाखांच्या आसपास. १९७० साली परदेशात जन्मलेले शंभरात पाचसुद्धा नव्हते, २०१९ ला जवळजवळ चौदा.

फॉर्मात जातीचा रकाना नव्हता, पदवीचा होता. पण १९६८ साली डॉक्टरची, इंजिनियरची पदवी कुणाच्या घरात होती? आपला बाप गिरणीत होता, नाहीतर गावकी करत होता. सरकारी कॉलेजात आपल्या सगळ्यांच्या पैशानं शिकलेला सवर्ण, काळ्यांनी रक्त सांडून उघडलेल्या दारातून आत गेला. आणि सोबत जात घेऊन गेला.

हे मी रागानं म्हणत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातिभेदाला बंदी केली, अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण घरातल्या. कॅलिफोर्नियात असंच विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते अडवलं. विरोध करायला आपलेच देशबंधू पुढं होते.

पोरा, पुढच्या रविवारी थिंदच्या खटल्याचा निकाल मराठीत वाचू. तुझं इंग्रजी बरं आहे, अर्धा तू करून आण.