तेजी-मंदी विकणाऱ्याचा हिशेब

हदगावच्या शिवारात कापूस पिकतो, भाव मात्र दूरच्या बाजारात ठरतो. मुंबईच्या कापूस बाजारात तर एकेकाळी भावावरचा हक्कही विकला जाई. ठरलेल्या दराने माल घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, विकण्याचा हक्क म्हणजे मंदी आणि दोन्ही मिळून तेजी-मंदी. विकणाऱ्याला मिळणारी रक्कम म्हणजे नजराणा. आज आपली पोरं मोबाइलवर 'स्ट्रॅडल' विकतात, तो हाच सौदा.

विकणारा खरं तर शांतता विकतो. २०० रुपये नजराणा घेतला आणि मुदतीपर्यंत भाव जागचा हलला नाही, तर सगळे पैसे त्याचे. भाव कोणत्याही बाजूला २००च्या पुढे गेला की तोटा सुरू, आणि वर त्याला मर्यादा नाही. शिवाय मोठ्या चढ-उताराची नुसती भीती पसरली तरी २००चा नजराणा ३०० होतो. भाव तिथेच असला तरी सौदा सोडवायला १०० रुपये खिशातून जातात.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये कापसातले असे सौदे कायद्याने बंद केले. १९५२ मध्ये इतर मालातले आणि १९५६ मध्ये शेअरमधले सौदेही बंद झाले. १९५६च्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरातसुद्धा 'तेजी' आणि 'मंदी' हे शब्द जसेच्या तसे आहेत. शेअरमधली बंदी १९९५ मध्ये उठली.

त्याच वर्षी बेरिंग्ज ही १७६२ पासूनची ब्रिटिश बँक बुडाली. सिंगापूरमधल्या निक लीसनने जपानी निर्देशांकावर स्ट्रॅडल विकले होते. १७ जानेवारीला कोबेत भूकंप झाला, बाजार हादरला. तोटा भरून काढायला तो आणखी मोठे सौदे करत गेला. एकूण नुकसान ८० कोटी पौंडांच्या वर गेलं आणि बँक एका पौंडाला विकली गेली.

आपल्याकडे निर्देशांकाचे ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले. सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला.

फिक्हमध्ये परिणाम झाकलेल्या सौद्याला ग़रर म्हणतात. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९९२ मध्येच ऑप्शनचे करार नाजायज ठरवले. ज्यांना तो निर्णय मान्य नसेल, त्यांनी निदान एवढं विचारावं: नजराणा आज मिळतोय, पण भूकंपाच्या दिवशी द्यायला घरात काय आहे?