टेक (देवनागरी अक्षरजुळणी)

लेखी आज्ञांद्वारे मजकुराची छपाईयोग्य पाने जुळवणारी मुक्त संगणक प्रणाली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ यांनी ती १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारित ‘लाटेक’ रचली.

साध्या मजकूर-फाइलीत मथळे, तळटिपा यांच्या खुणा घालून टर्मिनलवर आज्ञा दिली की पीडीएफ तयार होते. ओळी कोठे तोडायच्या हे संपूर्ण परिच्छेद पाहून ठरत असल्याने शब्दांमधील अंतर समतोल राहते.

देवनागरीसाठी फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये रोमन लिप्यंतरावर चालणारी सोय केली. जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’मुळे (२००४) युनिकोड मजकूर थेट जुळवता येऊ लागला. उदा., ‘धाराशिव’ या शब्दात पहिली वेलांटी फाइलीत ‘श’नंतर साठवलेली असते, जुळणीत ती ‘श’च्या आधी बसते. टंकात सोय असल्यास, भाषा ‘मराठी’ निवडताच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा मुक्त टंक या कामी उपयुक्त आहे.

प्रणाली विनामूल्य असून साध्या संगणकावर चालते. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शाळेची स्मरणिका किंवा वाचनालयाची ग्रंथसूचीही शोधप्रबंधाइतक्याच नेटकेपणाने छापता येते.