समोर बसलेली बाई

१९२० साल आपण लक्षात ठेवू. तेव्हा परक्या चित्रकारासमोर बसायला घरंदाज बाई सहसा तयार नसे. त्या वर्षी रॉथफेल्डचं ‘विमेन ऑफ इंडिया’ आलं. चित्रं आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांची. त्यांतल्या बायकांची ओळख जातीवरून, प्रांतावरून. स्वतःचं नाव नाही.

त्याच वर्षी इथल्या बाबूरावांचा ‘सैरंध्री’ आला. स्त्रीभूमिकांसाठी त्यांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना घेतलं. समाजानं दोघींना वाळीत टाकलं. स्टुडिओ हेच त्यांचं घर झालं. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या.

बाबूराव मेस्त्रींना कलेनं ‘पेंटर’ हे नाव दिलं. या दोघींचं मात्र होतं तेही गेलं. चित्राखालची सही वाचताना आपण एवढं तरी विचारूया: समोर कोण बसलं होतं?