खरी कुस्ती आणि दाखवायची कुस्ती : ब्रिटनमधील व्यावसायिक कुस्तीचा इतिहास

केबल दूरचित्रवाणी आपल्या बडोद्यात नुकती रुजत होती, त्या काळातली गोष्ट. मी तेव्हा महाविद्यालयात नव्यानेच शिकवू लागलो होतो. एका संध्याकाळी वाचनालयाच्या संदर्भ विभागात द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा एक खंड चाळत बसलो असता बालविभागातला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. अमेरिकन मल्लांची चित्रे असलेल्या पत्त्यांनी त्याचा खिसा फुगला होता. पानावरील डावांची चित्रे त्याने न्याहाळली आणि विचारले, “सर, टीव्हीवरची कुस्ती खरी असते का हो?” मी “नाही” असे एका शब्दात सांगितले आणि तो हिरमुसला होऊन निघून गेला.

ते उत्तर चुकीचे नव्हते. परंतु पुरेसेही नव्हते. या प्रकारच्या कुस्तीचा माग काढू लागलो तेव्हा तो अमेरिकेपाशी न थांबता ब्रिटनपर्यंत गेला, आणि तेथून अनपेक्षितपणे आपल्याच तालमींकडे वळला. शताब्दीच्या या स्मरणिकेत त्या शोधाची हकीकत सांगण्याचे योजले आहे.

तीन प्रांत, तीन पद्धती

ब्रिटनमध्ये कुस्तीची एकच एक परंपरा नव्हती. नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलमध्ये मल्ल जाड कापडाचे सैल जाकीट घालून उतरत आणि जाकीट धरूनच प्रतिस्पर्ध्याला पाठीवर आपटत. उत्तरेकडील कंबरलंड व वेस्टमोरलंड भागात दोघे मल्ल एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकून, पाठीमागे हातांची कडी घालून उभे राहत. ज्याची कडी सुटली किंवा ज्याच्या पावलांखेरीज अन्य अंग जमिनीला लागले तो हरला. लँकेशायरच्या कोळसा-खाणींच्या मुलखातली पद्धत मात्र निराळी आणि अधिक कठोर होती. ‘कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन’, म्हणजे ‘सापडेल तसे धरा’, असे तिचे नाव. तिच्यात जमिनीवर लोळण घेऊनही झुंज चालू राही. खांदे टेकवणे हा विजयाचा एक मार्ग. हातापायाचे सांधे पिरगळून शरणागती वदवून घेणे हा दुसरा. पुढील इतिहासाचे धागे याच तिसऱ्या पद्धतीशी जोडलेले आहेत.

चव्वेचाळीस सेकंद आणि अडीच तास

विसाव्या शतकाच्या आरंभी कुस्ती गावच्या जत्रेतून निघून लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्या-नकलांच्या करमणूकगृहांत, शिरली. तिला तेथे प्रतिष्ठा मिळवून दिली ती जॉर्ज हॅकनश्मिट या मल्लाने. आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे १८७७ मध्ये जन्मलेला हा देखणा गडी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये आला. समोर येईल त्याला तो इतक्या झटपट लोळवू लागला की त्याचे व्यवस्थापक सी. बी. कॉक्रन यांना निराळीच काळजी पडली. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना काहीतरी पाहायला मिळाले पाहिजे. तेव्हा कुस्ती जरा लांबव, असे त्यांनी त्याला पढवले. जानेवारी १९०४ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात तुर्की मल्ल अहमद मद्राली याच्याशी त्याची गाठ पडली. लढत पाहायला एवढी गर्दी लोटली की रस्ते अडले. हॅकनश्मिटने मद्रालीला उचलून आपटले, मद्रालीचा हात निखळला आणि अवघ्या चव्वेचाळीस सेकंदांत सारे आटोपले.

सहा वर्षांनी याच्या अगदी उलट प्रकार घडला. १९१० मध्ये आर. बी. बेंजामिन नावाच्या प्रवर्तकाने हिंदुस्थानातून काही पहिलवान लंडनला नेले. त्यांत दतिया संस्थानच्या आश्रयाने वाढलेला गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष हे दोघे होते. गामा बडोदेकरांना परका नाही. १९०२ मध्ये त्याने येथे उचलल्याचे सांगितले जाते तो प्रचंड दगड सयाजीबागेतील संग्रहालयात आपण सर्वांनी पाहिला आहे. लंडनमध्ये मात्र त्याच्या बेताच्या उंचीमुळे आरंभी त्याला कोणी मोजेना, असे सांगतात. गामाने अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलर याला चीत केले. इमामबक्षने स्विस मल्ल जॉन लेम याला काही मिनिटांत लोळवले. त्यानंतर १० सप्टेंबर १९१० रोजी शेफर्ड्स बुश येथील मैदानात गामा आणि पोलंडचा बलाढ्य मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. पणाला होते ‘जॉन बुल’ पट्टा आणि २५० पौंड.

गामाचा हिसका बसताच झिबिस्कोने ओळखले की उभ्याने आपला निभाव लागणार नाही. तो पोटावर पालथा पडला आणि बहुतेक सारा वेळ तसाच पडून राहिला. गामा त्याला उलटवण्याची खटपट करीत राहिला. परंतु तो अवजड देह काही उलटेना. अडीच तासांहून अधिक काळ हेच चालले. अखेर अंधार पडू लागल्यावर लढत बरोबरीत सोडवली. आठवड्याने फेरलढत ठरली, तीत झिबिस्को फिरकलाच नाही आणि गामाला विजयी घोषित करण्यात आले. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे ही जोड पुन्हा लागली, तेव्हा गामाने मिनिटभरही न घेता त्याला अस्मान दाखवले.

आपल्याकडे या प्रसंगाकडे राष्ट्रीय अभिमानाच्या दृष्टीने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. लंडनच्या प्रवर्तकांनी मात्र त्यातून वेगळाच बोध घेतला. निखळ खरी कुस्ती एकतर चव्वेचाळीस सेकंदांत संपते, नाहीतर अडीच तास रेंगाळते. दोन्ही परींनी तिकीट काढणारा नाराज होतो. आपल्या मैदानी फडात एक जोड अडली तर बाजूला दुसरी चालू असते, हलगी वाजत असते, आणि डावाची जाण असलेला प्रेक्षक खडाखडीतही रंगतो. लंडनच्या प्रेक्षकाला ती सवय नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील व्यावसायिक कुस्ती जवळजवळ विझली.

‘ऑल-इन’ आणि नवे नियम

ती पुन्हा पेटली १९३० च्या डिसेंबरात. सर अ‍ॅथोल ओकली या खानदानी सरदारपुत्राने अमेरिकेतून आलेली धसमुसळी पद्धत ‘ऑल-इन’ या नावाने सुरू केली. तीत ठोसे, लाथा, दोऱ्यांवरून फेकणे, सारे चाले. आणि निकाल बहुधा आधीच ठरलेले असत. आपल्याकडे जिला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, तिचेच हे विलायती रूप. गर्दी खेचण्यासाठी प्रकार इतके थराला गेले की १९३० च्या दशकाच्या अखेरीस लंडन कौंटी कौन्सिलने त्यावर बंदी घातली.

महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, या धंद्याला सभ्य वळण देण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते अ‍ॅडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स, कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील त्याचे दुय्यम अधिकारी. समितीने वजनी गट आखले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या ठरवल्या आणि तीनपैकी दोन फॉल किंवा शरणागती मिळवणारा विजयी असे ठरवले. नियम मोडणाऱ्यास जाहीर ताकीद देण्याची तरतूद केली. निकाल आधी ठरलेला असो वा नसो, तो कोणत्या वाटेने गाठावयाचा याला आता बंधने आली. आणि त्या बंधनांत खरे कसब दाखवावेच लागे. १९५२ मध्ये प्रमुख प्रवर्तकांनी ‘जॉइंट प्रमोशन्स’ हा संघ उभारला आणि देशभरच्या फडांवर त्याची पकड बसली.

शनिवारची दुपार

९ नोव्हेंबर १९५५ रोजी वेस्ट हॅम बाथ्स येथून कुस्तीचे पहिले प्रक्षेपण आयटीव्ही या वाहिनीवर झाले. पोहण्याचा तलाव फळ्यांनी झाकून त्यावर रिंगण उभारायचे, अशी तेथे रीतच होती. १९६५ पासून ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ या कार्यक्रमात दर शनिवारी चारच्या सुमारास, फुटबॉलचे निकाल सांगण्यापूर्वी, कुस्ती दिसू लागली. निवेदक केंट वॉल्टन यांचा संथ, गंभीर आवाज घराघरांत ओळखीचा झाला. मिक मॅकमॅनस आणि जॅकी पॅलो यांचे हाडवैर लाखो लोक चवीने पाहत. केंडो नागासाकी हे जपानी नाव घेतलेला एक अस्सल इंग्रज मल्ल वर्षानुवर्षे मुखवटा घालून वावरला. १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे त्याने तो समारंभपूर्वक उतरवला, तेव्हा तोही प्रक्षेपणाचा विषय झाला. रॉयल अल्बर्ट हॉलमधील एका कार्यक्रमास १९६३ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो उपस्थित होते. रिंगणाजवळ बसलेल्या वृद्ध स्त्रिया दुष्ट मल्लाला छत्रीने किंवा हातातल्या पिशवीने बडवीत, ही तर नेहमीची गोष्ट.

या बायकांना भोळ्या म्हणून हसणे सोपे आहे. दशावतारात शंखासुराचा वध होणार हे कोकणातल्या लहान पोरालाही ठाऊक असते; म्हणून कोणी मांडवातून उठून जात नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथाचा आरंभच पॅरिसच्या अशा कुस्तीवरील निबंधाने केला, तो याच कारणास्तव. प्रेक्षक तेथे निकाल पाहायला जात नाही. दुःख, अन्याय आणि शासन यांचे स्पष्ट दर्शन घ्यायला जातो. फरक इतकाच की, दशावतारी नट आपण खरेच शंखासुर आहोत असे सांगत नाही. ब्रिटिश मल्लांना मात्र हे सारे खरे असल्याचे घराबाहेर प्रत्येकाला सांगावे लागे.

विगनची पत्र्याची शेड

दूरचित्रवाणीवरचा हा खेळ चालू असता लँकेशायरमधील विगन या खाणकामगारांच्या गावी बिली रायली नावाचा वस्ताद एका साध्या शेडमध्ये तालीम चालवीत होता. लोक तिला ‘स्नेक पिट’, सापांचा खड्डा, म्हणत. येथे लुटुपुटूचे काही नव्हते. ‘सापडेल तसे धरा’ ही जुनी पद्धत सांध्यान्‌सांध्याच्या बारकाव्यानिशी शिकवली जाई आणि नवख्याला महिनोन्‌महिने मार खावा लागे. बिली रॉबिन्सन हा पुढे जगप्रसिद्ध झालेला मल्ल इथलाच.

येथे एक योग नोंदवण्याजोगा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्लायवेट गटात उतरले. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांना गादीची सवय नव्हती; तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला आणि चार वर्षांनी हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियमतर्फे कार्ल इस्टाझ नावाचा एक मल्लही खेळला होता. तो पुढे विगनला आला, रायलींच्या तालमीत वर्षानुवर्षे घासला गेला आणि ‘कार्ल गॉच’ या नावाने जपानात गेला. तेथे त्याला ‘कुस्तीचा देव’ म्हणू लागले. आपल्या शिष्यांकडून तो विगनच्या पकडी घटवून घेई आणि त्याबरोबर शेकड्यांनी दंड-बैठकाही काढवी. ‘हिंदू’ या विशेषणासह आपला हा व्यायाम जपानी आखाड्यांत रुजला.

गॉचच्या शिष्यांत अंतोनियो इनोकी होता. डिसेंबर १९७६ मध्ये तो कराचीला अक्रम पहिलवानाशी लढायला गेला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, म्हणजे गामाचा पुतण्या. ही लढत दिखाऊ राहिली नाही, खरीखुरी झाली. आणि इनोकीने लँकेशायरच्या जुन्या पकडीत अक्रमचा हात धरून तो निकामी केला. सहासष्ट वर्षांपूर्वी ज्या घराण्याने लंडन गाजवले होते, त्याच घराण्यातील मल्लाचा पराभव इंग्रजी विद्येने आणि आपल्याच दंड-बैठकांवर पोसलेल्या शरीराने केला. हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटावा की विषाद, हे बराच वेळ ठरवता आले नाही.

उतरती कळा

इकडे ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सूत्रे मॅक्स क्रॅबट्री यांच्याकडे आली आणि त्यांचे बंधू शर्ली क्रॅबट्री हे ‘बिग डॅडी’ म्हणून मुलांचे दैवत बनले. वयाची चाळिशी उलटलेले, अवाढव्य देहाचे हे गृहस्थ डावपेचांच्या भरीस पडत नसत. तरुण साथीदार मेहनत करी आणि शेवटी बिग डॅडी पोटाच्या धक्क्याने निकाल लावीत. जून १९८१ मध्ये वेम्ब्ली अरीना येथे महाकाय ‘जायंट हेस्टॅक्स’शी त्यांची गाजलेली लढत झाली, तीही काही मिनिटांतच संपली. कसबी मल्ल कंटाळून दूर गेले. माझ्या मते ऱ्हासाचे मूळ येथे आहे. निकाल ठरलेले तर पूर्वीही असत. आता डावही उरले नाहीत.

१९८५ मध्ये पॅलो यांनी आत्मचरित्रात धंद्याचे सारे गुपित उघड केले. त्याच वर्षी ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद पडले. ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथ येथे बिग डॅडींशी लढताना मॅल कर्क हा मल्ल अंगावर पडलेल्या त्यांच्या देहाखालून उठलाच नाही. त्याला हृदयविकार असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आणि बिग डॅडींवर दोष आला नाही. परंतु ज्या रिंगणात सारे लटके असते असे लोक म्हणत, तेथे एक माणूस खरोखर मेला होता. डिसेंबर १९८८ मध्ये आयटीव्हीने कुस्तीचे प्रक्षेपण थांबवले.

चारच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९९२ रोजी, एका अमेरिकन कंपनीच्या कार्यक्रमासाठी वेम्ब्ली स्टेडियमवर सुमारे ऐंशी हजार प्रेक्षक जमले. त्या रात्रीचा विजेता डेव्ही बॉय स्मिथ हा लँकेशायरचाच, विगन परिसरातला. माझ्याकडे आलेल्या मुलाच्या खिशातल्या पत्त्यांत त्याचेही चित्र असावे. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या वेम्ब्लीवर पुन्हा तेवढीच गर्दी लोटली. कार्यक्रमाचे नाव होते ‘ऑल इन’.

आज तो मुलगा भेटला तर मी त्याला एका शब्दात उत्तर देणार नाही. हार-जीत ठरलेली असते, हे सांगेनच. पण हातातली पकड मात्र कोणीतरी, कुठल्या तरी शेडमध्ये, मार खाऊन शिकलेला असतो, आणि ती शिकवणारा उरला नाही की तमाशाही फार काळ उभा राहत नाही, हेही सांगेन. योगायोग असा की, गामा लंडनमध्ये झुंजत होता त्याच १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदा राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या चळवळीच्या छायेत वाढलेल्या आपल्या वाचनालयात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड आजही कपाटात आहेत. बांधणी सैल झाली आहे, पाने पिवळी पडली आहेत. डावांची चित्रे मात्र अजून स्पष्ट दिसतात. शताब्दीच्या निमित्ताने त्यांची नव्याने बांधणी व्हावी, एवढी विनंती कार्यकारी मंडळास करून हा लेख पुरा करतो.