रेकॉर्डिंगला लावून ठेव

ठाकुर्लीत टीव्ही बघायचा तर आधी लोकलचं वेळापत्रक बघावं लागायचं. फास्ट गाडी इथे थांबत नाही. फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर स्लो पकडा, नाहीतर डोंबिवलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहा; घरी पोचेपर्यंत आठची मालिका आटोपलेली. त्यामुळे कार्यक्रम धरून ठेवायची खटपट आमच्याकडे फार जुनी.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. वरळीचं चित्र इथवर खेचायला अँटिना उंच लावावा लागे, आणि वाऱ्याने तो फिरला की एकाने गच्चीवर आणि दुसऱ्याने खिडकीत उभं राहून ‘आलं का?’, ‘गेलं!’ असा संवाद चाले. ‘चिमणराव’ चुकला तर चुकला. माझे सासरे इथल्याच चोळ्याच्या पॉवर हाउसात नोकरीला. जीआयपी रेल्वेने 1929 साली विजेच्या गाड्यांसाठी उभारलेलं ते वीजकेंद्र. गाण्याचा कार्यक्रम असला की सासरे टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवत आणि तोंडावर बोट ठेवून घरभर फिरत. त्या कॅसेटी मी ऐकल्यात. तानेच्या मध्येच कुकरची शिट्टी, समेवर लोकलचा भोंगा.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. आखातात नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी सामानातून तो यायचा, नाहीतर रात्रभरासाठी भाड्याने. भाड्याने मिळे तो बहुतेक व्हीसीपी, म्हणजे फक्त दाखवणारा. एका रात्रीत तीन सिनेमे उरकून सकाळी परत. आमच्याकडे दिराने आणलेला खरा व्हीसीआर होता. 1987च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी ड्युटी असणारे शेजारी कोरी कॅसेट आणून देत. ‘वहिनी, रेकॉर्डिंगला लावून ठेवा हं.’ तीन तासांच्या कॅसेटच्या पट्टीवर नाव लिहायचं, मागची प्लास्टिकची टिकली मोडायची, म्हणजे कुणी वरून दुसरं काही भरत नाही. कॅसेटींचा वैरी एकच, पावसाळा. फितीवर पांढरी बुरशी धरली की हेड खराब.

मग केबल, मग छपरावरच्या तबकड्या. अमेरिकेत टिव्हो 1999ला आलं, ब्रिटनमध्ये स्काय प्लस 2001ला. आपल्याकडे टाटा स्काय प्लस 2008ला. बॉक्समध्येच हार्ड डिस्क. कॅसेट नको, बुरशी नको, कुणाच्या हातापाया पडायला नको. आम्हीही एका कंपनीचा असा बॉक्स घेतला. ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली ती रात्र, 2 एप्रिल 2011ची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, वानखेडेवरचं सचिनचं निरोपाचं भाषण, सगळं त्यात. लोडशेडिंगमध्ये काही भाग अर्धेच राहिले. रेल्वेला वीज पुरवलेल्या गावात!

आणि त्यातच होती बातम्यांमधली काही सेकंदं. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तिची पुढे गावोगाव प्रथा पडली. एका वर्षी फडके रोडवर लेझीम खेळणाऱ्या नऊवारीतल्या बायकांवर कॅमेरा फिरला, त्यांत आमच्या सासूबाई. मुलाने संध्याकाळचं बातमीपत्र रेकॉर्ड केलं. पाहुणा आला की चहाआधी ते लागायचं.

बॉक्स जुना झाला. नवा मिळणार होता, पण जुना परत देण्याच्या अटीवर. सासूबाईंनी विचारलं, ‘आणि माझी लेझीम?’

तेव्हा या यंत्राची खरी गोम कळली. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम कुलूपबंद येतो आणि डिस्कवरही तसाच उतरतो. किल्ली बॉक्सच्या आणि त्यातल्या कार्डाच्या ताब्यात. डिस्क काढून संगणकाला जोडली तर तो फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. मात्र मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी जागा होती. टीव्हीला चित्र द्यायचं तर बॉक्सला कुलूप काढावंच लागतं, आणि त्या पिनांतून ते उघडं बाहेर पडतं. मुलाने तिथून वायर काढून कॅप्चरच्या डबीतून लॅपटॉपला जोडली. यात घाई चालत नाही. तासाचा कार्यक्रम उतरायला तासच लागतो, आणि त्या वेळात रिमोटला हात लावला तर पडद्यावरची पट्टीही रेकॉर्ड होते.

बॉक्स न्यायला माणूस कधीही येणार होता. म्हणून आधी काय उतरवायचं यावर घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, फायनल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. लेझीम पहिली उतरली.

मला त्यांचंच बरोबर वाटतं. टेप महाग म्हणून जुनं पुसून नवं भरायची रीत जगभर होती. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले. चित्र गेलं, पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावले होते. ज्यांचा माल त्यांनी फेकला, आणि स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवणाऱ्यांनी वाचवला. सासऱ्यांच्या कॅसेटी कितीही खरखरल्या तरी त्या त्यांच्या होत्या. डिस्कवरच्या शेकडो तासांबद्दल आम्हाला तसं म्हणता आलं नाही.

आता सोसायटीत कुणाचा बॉक्स बदलायचा असला की मुलाला बोलावणं येतं. तो वायर घेऊन जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘यात घरचं कोण कोण आहे?’ मॅच नंतर. ती कुठेही मिळेल.